रामटेकचा ढग, सतरा भाषांचा खासदार आणि मक्याचा क्रांतिकारक

दूत म्हटलं की काय आठवतं? सूट-बूट, झेंडा लावलेली काळी गाडी, हातात फाइल. पण आपल्या विदर्भातून निघालेला सगळ्यात गाजलेला दूत चक्क एक ढग होता! कालिदासाच्या ‘मेघदूता’तला रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, असं बरेच अभ्यासक मानतात. शापामुळे अडकून पडलेला यक्ष ढगाला गाठतो, निरोप देतो, रस्ता समजावतो, वर ‘वाट वाकडी झाली तरी चालेल, पण उज्जयिनी बघूनच जा’ असंही बजावतो. अख्खं परराष्ट्र खात्याचं ब्रीफिंगच की हो हे!

ढगाला भाषा शिकावी लागली नाही. माणसांना लागते. आणि आज भेटायचंय ते अशाच माणसांना. भाषा शिकून जग गाठणारी, आणि जाता जाता स्वातंत्र्याच्या इतिहासात शिरणारी माणसं. बहुतेकांचा रस्ता नागपूरवरून जातो. झिरो माइल आपल्याकडेच आहे ना, राजेहो!

माहीत आहे का, ढगानंतर रामटेकनं दुसरा मोठा दूत कोण दिला? पी. व्ही. नरसिंह राव! माणूस तेलुगू, पण १९८४ आणि १९८९ या दोन्ही निवडणुकांत रामटेकचा खासदार. १९८४ चा किस्सा तर भन्नाट आहे. राव दोन जागांवरून उभे होते, आंध्रातलं हनमकोंडा आणि विदर्भातलं रामटेक. त्या वर्षी काँग्रेसची त्सुनामी होती, भाजपला देशभरात फक्त २ जागा मिळाल्या. त्या दोनातली एक होती हनमकोंडा! तिथे राव पडले. रामटेकनं हात दिला आणि राव लोकसभेत पोहोचले. १९८८ मध्ये ते पुन्हा परराष्ट्रमंत्री झाले. त्याच डिसेंबरात राजीव गांधींचा गाजलेला चीन दौरा झाला, तेव्हा देशाचं परराष्ट्र खातं रामटेकच्या खासदाराकडे होतं. गडाच्या पायथ्याशी उभं राहून हे एकदा आठवून बघा, छाती फुगते.

आता आकडा ऐका. सतरा! रावांना सतरा भाषा येत, असं सांगितलं जातं. तेलुगू, उर्दू, हिंदी, मराठी, कन्नड, तामिळ, बंगाली, ओडिया, गुजराती, संस्कृत. दम घ्या. आता देशाबाहेरच्या: इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश, जर्मन, अरबी, फारसी वगैरे. एवढी भाषांची फौज जवळ, आणि तरी ख्याती कशाची? मौनाची!

त्यांची मराठी ‘कसं काय, बरं आहे का’ एवढ्यापुरती नव्हती हं. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली, ‘अबला जीवितम्’ या नावानं. एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यातल्या ब्राह्मण घरातली माजघरं, नायिका यमूची बोली, सासुरवासाचे टोमणे हे सगळं दुसऱ्या भाषेत उतरवायचं म्हणजे मराठीच्या स्वयंपाकघरापर्यंत शिरावं लागतं. हरिभाऊंनी विचारलं, पण लक्षात कोण घेतो? उत्तर आलं रावांच्या करीमनगरकडून!

उलट दिशेनंही त्यांनी काम केलं. विश्वनाथ सत्यनारायण यांची ‘वेयि पडगलु’ ही अगडबंब तेलुगू कादंबरी त्यांनी हिंदीत आणली, नाव ‘सहस्रफण’.

आणि माणसांच्या भाषा पुरल्या नाहीत म्हणून की काय, साठी ओलांडल्यावर हा गृहस्थ कॉम्प्युटरसमोर बसला आणि प्रोग्रॅमिंग शिकला. बेसिक आणि कोबॉल! त्या वयात आपल्याकडे लोक नातवंडांना हाक मारतात, ‘अरे, हे जरा चालू करून दे.’

पण हा तेलुगू मुलगा नागपूरला आला कसा? इथे खरी गोष्ट आहे. साल १९३८. निजामाचं हैदराबाद संस्थान. उस्मानिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणायला सुरुवात केली, बंदी आली, मुलं हटली नाहीत, आणि शेकडोंच्या संख्येनं त्यांना काढून टाकलं गेलं. संस्थानात शिक्षणाची दारं बंद. अशा वेळी दार उघडलं कुणी? नागपूर विद्यापीठानं! बोरियाबिस्तर घेऊन मुलं इथे उतरली. त्यांतला एक राव. पुढे विज्ञानाची पदवी पुण्याच्या फर्ग्युसनमधून, आणि कायद्यासाठी पुन्हा नागपूर. एका गाण्यासाठी मुलांना हाकललं आणि आपल्या शहरानं त्यांना बाकावर जागा दिली. माझ्या लेखी नागपूर विद्यापीठाच्या इतिहासातलं हे सगळ्यात झळाळतं पान आहे.

त्यातही एक गंमत बघा. ज्या उस्मानियानं मुलांना काढलं, त्याच उस्मानियानं १९१८ पासून उच्च शिक्षण इंग्रजीऐवजी उर्दूतून द्यायचा धाडसी प्रयोग केला होता. रावांची अस्खलित उर्दू ही त्या संस्थानाचीच देणगी!

एक जोडगोष्ट घ्या. नागपूर विद्यापीठाची स्थापना १९२३ ची. आणि नागपूरचा जगप्रसिद्ध झेंडा सत्याग्रह? तोही १९२३ चाच! शहरात एकाच वर्षी पाटी आणि पताका दोन्ही वर.

‘कायद्यासाठी नागपूर’ म्हटलं म्हणून आठवलं. मराठेशाहीत वकील म्हणजे कोर्टातला काळा कोट नव्हे, बरं का. वकील म्हणजे दरबारातला राजदूत! पेशव्यांचा वकील दिल्लीला, निजामाकडे, टिपूकडे. नागपूरकर भोसल्यांचा वकील बेनीराम पंडित थेट कलकत्त्याला, वॉरन हेस्टिंग्जच्या दारी! म्हणजे राव जुन्या अर्थानंही वकील आणि नव्या अर्थानंही वकील. डबल डिग्री!

तुमच्या बिल्डिंगमध्ये पारसनीस राहतात का? मग तुमच्या शेजारी एक जुनं भाषा खातं राहतं! पारसनीस म्हणजे फारसी पत्रं लिहिणारा, वाचणारा. चिटणीस म्हणजे चिठ्ठ्यांचा लेखक. आणि डबीर? तो तर थेट परराष्ट्र विभाग सांभाळणारा, शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांतल्या सुमंताचं जुनं नाव. आडनाव नुसतं हाक मारायला नसतं, कधीकधी ते पणजोबांच्या पणजोबांचं व्हिजिटिंग कार्ड असतं.

शिवाजी महाराजांनी तर त्याही पुढचं पाऊल टाकलं. फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ त्यांनी रघुनाथपंत हणमंत्यांकडून करवून घेतला. शब्द किती? सुमारे १४००! आणि १६७४ च्या राज्याभिषेकाला इंग्रजांचा हेन्री ऑक्झिंडन रायगडावर आला, तेव्हा इंग्रजांच्या बाजूनं बोलणीत मधला दुवा कोण होता? नारायण शेणवी! इंग्रज साहेब, मराठी राजा आणि अधेमधे एक दुभाषी. तहाच्या कागदावर सही राजाची असते, पण शब्द दुभाष्याचे असतात.

आता चला सीताबर्डीला. खरेदीच्या गर्दीत मान वर करून टेकडी पाहिलीत कधी? १८१७ च्या २६ आणि २७ नोव्हेंबरला भोसल्यांच्या फौजेची आणि इंग्रजांची लढाई तिथेच झाली. जवळच इंग्रज रेसिडेंटची कचेरी होती. म्हणजे जिथे आज आपण घासाघीस करून चप्पल घेतो, तिथे दोनशे वर्षांपूर्वी राज्यांची घासाघीस चालायची.

आणि त्या काळात नागपूर दरबारी आलेले साहेब कोण होते, माहीत आहे का? हेन्री टॉमस कोलब्रूक! युरोपातल्या संस्कृत अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांतला बडा माणूस. कंपनीनं त्याला १७९९ मध्ये नागपूरला वाटाघाटींसाठी धाडलं. संस्कृत झकास, मुक्काम १८०१ पर्यंत, पण भोसले काही वळले नाहीत. शिष्टाई फसली! पठ्ठ्यानं पुढे लंडनमध्ये रॉयल एशियाटिक सोसायटी उभी केली.

त्याच्या मागोमाग १८०४ मध्ये रेसिडेंट म्हणून आला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. हो, मुंबईच्या कॉलेजवाला! पुढे १८०८ मध्ये त्याला काबूलच्या मोहिमेवर नेमलं. काबूलच्या शाहाला भेटायला पेशावरपर्यंत, तेही विमान नसताना!

जंप मारा १९२० वर. डिसेंबरातली नागपूरची थंडी आणि काँग्रेसचं अधिवेशन. चौदा हजारांवर प्रतिनिधी! स्वागताध्यक्ष जमनालाल बजाज. जिना उठले आणि ‘मिस्टर गांधी’ म्हणाले, तर मंडपातून ‘महात्मा म्हणा’ असा गलका झाला. हा किस्सा सगळे सांगतात. पण त्याहून मोठी बातमी दुसरीच होती. याच अधिवेशनात काँग्रेसनं आपल्या प्रांतिक समित्या भाषेच्या आधारावर बांधायचं ठरवलं! इंग्रजांनी आखलेल्या प्रांतांच्या रेषा बाजूला, लोकांची बोलायची भाषा आधी. एका मध्य प्रांत-वऱ्हाडात तीन समित्या झाल्या: नागपूरची मराठी, जबलपूरची हिंदी आणि वऱ्हाडची वेगळी. १९५६ मध्ये भारताचा नकाशा भाषावार झाला, त्याची पहिली पेन्सिल नागपूरला फिरली होती.

आता माझा सगळ्यात लाडका माणूस. नाव ऐकलंय का, पांडुरंग सदाशिव खानखोजे? जन्म वर्ध्याचा, शिक्षण वर्धा आणि नागपूरचं. टिळकांचं वेड डोक्यात घेऊन आधी जपान, मग अमेरिका. तिथे शेतीशास्त्र शिकता शिकता लष्करी शिक्षणही घेतलं. गदर चळवळीच्या पहिल्या फळीतला हा माणूस. ‘गदर’चं पत्र तरी किती भाषिक बघा: १९१३ मध्ये आधी उर्दूत, लगेच पंजाबीत! पहिल्या महायुद्धात खानखोजे इराणात इंग्रजांविरुद्ध लढले, निसटले, आणि अखेर पोहोचले मेक्सिकोला.

मेक्सिकोत काय केलं? स्पॅनिश आपलीशी केली आणि मका हातात घेतला! चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. मक्याचा त्याच्या रानटी भावाशी, म्हणजे तेओसिंतेशी, संकर केला. शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या, मक्याबद्दल स्पॅनिशमध्ये पुस्तिका लिहिल्या. बंदूक चालवायला आलेल्या हातांनी कणसं पिकवली.

क्लोज-अप घेऊ या. मेक्सिको सिटीत शिक्षण मंत्रालयाची इमारत आहे. तिच्या भिंतींवर दिएगो रिवेरानं रंगवलेली चित्रं आहेत. हो, तोच फ्रीदा काहलोचा नवरा, भित्तिचित्रांचा बादशहा. त्यातल्या एका चित्रात एक टेबल आहे, भोवती वेगवेगळ्या वर्णांची माणसं बसली आहेत, आणि मधोमध एक जण भाकरी वाटतोय. तो चेहरा खानखोज्यांचा! वर्ध्याच्या माणसाचा चेहरा मेक्सिकोच्या सरकारी भिंतीवर, आणि आपल्यातल्या कितीजणांना तो ओळखू येईल?

आता हृदयाला चटका लावणारा भाग. १९४७ ला देश स्वतंत्र झाला. खानखोज्यांनी मायदेशी यायला अर्ज केला, आणि तो नामंजूर झाला! कारण? इंग्रजांच्या काळ्या यादीत नाव होतं, आणि यादी तशीच पुढे चालत आली होती. ज्या देशासाठी माणूस पाच-सहा मुलूख फिरला, त्याच देशाच्या दारात त्याला थांबावं लागलं. नंतर बंदी उठली, ते नागपूरला आले, इथेच राहिले आणि २२ जानेवारी १९६७ ला त्यांनी शेवटचा श्वास घेतला. २०२२ मध्ये लोकसभेच्या अध्यक्षांनी मेक्सिकोत त्यांच्या पुतळ्याचं अनावरण केलं. जिवंतपणी न मिळालेली राजदूताची खुर्ची त्यांना अशी दगड-धातूत मिळाली.

नागपूर आणि चीन? आहे, तेही कनेक्शन आहे! १९३८ मध्ये जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनकडे काँग्रेसनं पाच डॉक्टर पाठवले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस सगळ्यांना माहीत. पण पाचांत एक नागपूरकर होते: डॉ. चोळकर! या पाचही जणांनी चिनी नावं घेताना शेवटी ‘हुआ’ जोडलं. हुआ म्हणजे चीन.

कोटणीस चिनी शिकले, रुग्णांशी आणि विद्यार्थ्यांशी चिनीत बोलू लागले, चिनी परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं. १९४२ मध्ये मुलगा झाला, त्याचं नाव इन-हुआ. इन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन! दोन देशांचा तह दोन अक्षरांत. त्याच वर्षी डिसेंबरात कोटणीस गेले, वय अवघं ३२.

चीनवरून आणखी एक. १९५४ मध्ये नेहरू माओंना भेटले, तेव्हा दुभाषी म्हणून एक मराठी माणूस होता, व्ही. व्ही. परांजपे! आणि २०१८ मध्ये परराष्ट्र सचिव झालेले विजय गोखले? त्यांनाही चिनी येते. मराठी माणूस आणि मँडरिन, जोडी जुनीच आहे.

तुरुंग हा भारी लँग्वेज क्लास असतो, माहीत आहे का? पवनारचे विनोबा वेल्लोरच्या तुरुंगात दक्षिणेतल्या चारही भाषा शिकले. कुराण मुळातून वाचायचं म्हणून त्यांनी अरबीही शिकली. साने गुरुजी त्रिचीच्या तुरुंगात तामिळ शिकले आणि ‘कुरल’ मराठीत आणून बाहेर पडले. इंग्रजांनी कोंडलं शरीर, बाहेर आली भाषांतरं!

पॅरिसमध्ये सेनापती बापट आणि साथीदारांना बाँब बनवायची कृती मिळाली खरी, पण ती होती रशियन भाषेत! आधी भाषांतर, मग क्रांती.

आता एक मस्त ट्रिक. तुम्हाला इंडोनेशियन येते! खोटं वाटतं? भाषेला ते काय म्हणतात? ‘बहासा’. राजदूताला? ‘दूता बसार’, म्हणजे थोरला दूत! आणि स्वातंत्र्याला? ‘मर्देका’. हा शब्द आला संस्कृतातल्या ‘महर्द्धिक’वरून. १७ ऑगस्ट १९४५ ला जकार्तात आणि ३१ ऑगस्ट १९५७ ला क्वालालंपुरात ज्या शब्दाचा घोष झाला, त्याचं मूळ आपल्याच आजोळचं!

पोर्तुगीजही येते बरं! पाव, चावी, पगार, काजू, तिजोरी, घमेलं, इस्त्री. पगार घेऊन तिजोरीला चावी लावलीत की लिस्बनला अर्धे पोहोचलात. ब्राझील, मोझांबिक, अंगोला इथल्या दूतावासांत हीच भाषा लागते.

नागपुरात दुसऱ्या देशाचा पंतप्रधान भाषेच्या उत्सवाला आला होता, हे ठाऊक आहे? १० जानेवारी १९७५, पहिलं विश्व हिंदी संमेलन, ठिकाण नागपूर! उद्घाटनाला इंदिरा गांधी, आणि पाहुणे मॉरिशसचे पंतप्रधान शिवसागर रामगुलाम. त्यांनी आपल्या देशाला स्वातंत्र्य मिळवून दिलं, त्याची तारीख होती १२ मार्च १९६८. १२ मार्चच का? गांधीजींच्या दांडी यात्रेचा दिवस म्हणून! आणि मराठी वाचकांसाठी बोनस: मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते.

नागपूरच्या त्या संमेलनात हिंदी संयुक्त राष्ट्रांत हवी असा ठराव झाला. दोन वर्षांनी, १९७७ मध्ये, परराष्ट्रमंत्री अटलबिहारी वाजपेयी संयुक्त राष्ट्रांत उभे राहिले आणि हिंदीत बोलले. वर्ध्याचं हिंदी विश्वविद्यालयही याच संमेलनातल्या कल्पनेचं फळ.

औंधचा राजपुत्र केनियाच्या स्वातंत्र्याच्या गोष्टीत सापडतो, ही पण गंमतच! अप्पासाहेब पंत १९४८ मध्ये नैरोबीत भारताचे कमिशनर झाले. जोमो केन्याटांशी दोस्ती, आफ्रिकी मुलांना भारतात शिष्यवृत्त्या. इंग्रज इतके चिडले की त्यांना तिथून हलवा म्हणून मागे लागले. केनिया स्वतंत्र झाला १२ डिसेंबर १९६३ ला.

शेवटचा डोस तयारी करणाऱ्यांसाठी. भारतीय परराष्ट्र सेवा स्वातंत्र्याहून मोठी आहे, वयानं! ती ठरली ९ ऑक्टोबर १९४६ ला, झेंडा फडकला दहा महिन्यांनी. तिथे निवड झालेल्या प्रत्येकाला एक परदेशी भाषा शिकावीच लागते. अरबी, चिनी, रशियन, जपानी, स्पॅनिश, जी वाट्याला येईल ती, आणि बऱ्याचदा त्याच भाषेच्या देशात राहून. परीक्षा पास झाल्याशिवाय नोकरी पक्की होत नाही. कोल्हापूरकडच्या अब्दुल लाटचे ज्ञानेश्वर मुळे असेच जपानी शिकून टोकियोत पोहोचले, आणि पुस्तकं लिहिली ती मराठीत.

आणि हे तर कापून कपाटाला चिकटवा: यूपीएससीच्या मुख्य परीक्षेतले निबंध, सामान्य अध्ययन आणि वैकल्पिक विषयाचे पेपर मराठीतून लिहिता येतात. मुलाखतही मराठीतून देता येते. इंग्रजीचा एक पेपर असतो, पण तो फक्त पास व्हायचा. स्पॅनिश, अरबी, चिनी यातलं काय ते सरकार शिकवेल. तुम्ही फॉर्म भरा, राजेहो!